वन्संच्या पोटातली वस्ती

बुधवार, २९ ऑक्टोबर

वन्संना परत हॉस्पिटलात ठेवलं! दिवाळीच्या चकल्या अजून डब्यात आहेत आणि या बाईची तिसरी खेप. तेच सगळं — दिवसभर जुलाब, ताप, उठून बसवत नाही. रुपालीचा सकाळी फोन. "मामी, आई अर्धी झालीय गं. मामाला पाठवतेस?" मामाला पाठवलं. मी गेले नाही.

का जावं? छत्तीस वर्षं झाली या घरात येऊन. अंबिकावन्सं म्हणजे हितेंद्रची सख्खी थोरली बहीण. लालबागहून आमचं परळ चालत येण्यासारखं. येतात, सोफ्यावर बसतात, पदराने वारा घेतात आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून पाणी पितात. बाटल्या नव्हत्या तेव्हा फिरकीचा तांब्या आणायच्या. "माका भायला पाणी बाधता गो." माझ्या घरचं पाणी — बाहेरचं! नळ दोन्हीकडे एकाच पालिकेचा.

मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. बाबुरावांची मुलगी, जयभीमवाल्यांची. वन्संनी हे तोंडाने कधी काढलं नाही. बाटलीने काढलं.

हितेंद्र म्हणतो, "सोड ना, जुनी माणसं." कसली जुनी! माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.

मी सोडत नाही. इतरांना हौस असेल सोडायची.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

हितेंद्रने रिपोर्टचा फोटो काढून आणला. क्लॉस्ट्रिडियम. मला वाटलंच होतं.

मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं आणि पालिकेच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. मे महिन्यात निवृत्त झाले. लोकांची थुंकी, लघवी, शी — काचेवर पसरली की सगळ्यांची सारखीच दिसते. वास मात्र ज्याचा त्याचा.

हितेंद्र म्हणाला, "म्हणजे नक्की काय झालंय तिला? आपल्या भाषेत सांग." सांगितलं. माणसाच्या आतड्यात वस्ती असते. कोट्यवधी जंतू, जन्मभर मुक्कामाला. भाडं म्हणून अन्न पचवून देतात आणि गुंडाला दारात उभा करत नाहीत. वन्संचं जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग लघवीला संसर्ग, मग अँटिबायोटिक, त्यावर आणखी कडक अँटिबायोटिक. वस्ती पार उठली. मोकळ्या जागेत हा एक गुंड शिरला. औषध दिलं की दबतो, बंद केलं की वर येतो. लालबागच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गिरण्या मोकळ्या झाल्यावर तिथे कोण कोण शिरलं ते त्याने पाहिलंय.

"मग वाचेल ना?" हितेंद्रने विचारलं.

दर वेळी जास्त जोराने येतो, म्हटलं. त्याचा चेहरा पडला. मी भांडी घासायला उठले. खरं सांगायचं तर हसू लपवायला उठले. जन्मभर कुणाला आत घेतलं नाही त्या बाईने. आता पोटातही कुणी राहत नाही!


सोमवार, ३ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याने मढवावा.

दुपारी रुपाली आली. हॉस्पिटलातून थेट, केस विंचरलेले नाहीत. ही पोरगी पहिल्यापासून बरी. माझ्याकडे जेवते, मागून घेते. आज मात्र सोफ्याच्या कडेला टेकली. "मामी, तुझी तब्येत कशी असते गं?"

"का? कुणी काही बोललं?"

"नाही… डॉक्टर म्हणतात, आता औषधाने होणार नाही. दुसऱ्या कुणाचं तरी… म्हणजे निरोगी माणसाचं… आईला द्यावं लागेल."

मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. निरोगी माणसाच्या शीतले जंतू गाळून, धुऊन, दुर्बिणीच्या नळीतून रोग्याच्या आतड्यात सोडतात. वस्ती परत बसवायची. हल्ली करतात. माणूस मात्र साठीच्या आतला हवा, साखर नको, बारीकसारीक आजार नको, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको. रुपालीचं सप्टेंबरात दाढेचं झालं, गोळ्या घेतल्या. तिचा भाऊ स्वप्नील — साखर, वर शनिवार-रविवारची बसणी. हितेंद्रची साठी होऊन गेली. माझा मुलगा कामावर बाहेरगावी. राहिलं कोण?

"कशाचा नमुना हवाय?" मी विचारलं.

"मामी, तुला माहितीये."

"मला माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"…शी."

"कुणाची?"

"तुझी."

"आणि जाणार कुठे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईच्या पोटात."

"चहा टाकते," मी म्हटलं. "साखर किती?"


मंगळवार, ४ नोव्हेंबर

दात घासताना हसले. भाजी चिरताना हसले. हितेंद्र म्हणाला, "एवढं काय झालं?" काही नाही, म्हटलं.


बुधवार, ५ नोव्हेंबर

देईन म्हणून कळवलं. एका अटीवर. वन्संना आधी सांगायचं — कुणाचं आहे ते. नाव घेऊन. त्यांनी संमतीची सही करण्याआधी.

तासाभरात स्वप्नीलचा फोन. "मामी, डोनर म्हणायचं, विषय संपला. आईला कशाला टेन्शन?"

"टेन्शन कसलं? माझं नाव सीमा आहे. बॉम्ब नाही."

"यार मामी, आई मरतेय आणि तुला इगो सुचतोय!"

"इगो नाही रे. लेबल. लॅबमध्ये लेबल नसलेला नमुना आम्ही टाकून द्यायचो."

त्याने फोन आपटला. आपटू दे. छत्तीस वर्षं मला हवं होतं ते एकच. या बाईने एकदा, पूर्ण शुद्धीत, चार माणसांत म्हणावं — हे सीमाचं आहे आणि मी घेतलं. तेवढंच. माफी नको मला. माफी तोंडदेखली असते.


सोमवार, १० नोव्हेंबर

तपासण्या झाल्या. सगळ्या! रक्त, शी, पोटाची सोनोग्राफी, शंभर प्रश्न. डॉ. अक्षदा तरुण आहे, झटपट बोलते. "मावशी, बाहेरचं किती खाता?" "निवृत्तीच्या पार्टीत खाल्लं." "गोळ्या?" "लागत नाहीत." रिपोर्ट पाहून म्हणाली, "इतका स्वच्छ डोनर मी वर्षभरात पाहिला नाही."

स्वच्छ! हा शब्द तिने उच्चारला, मी नाही. हितेंद्रला घरी येऊन दोनदा ऐकवला.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज सांगितलं त्यांनी. मी तिथे नव्हते. हितेंद्रने जेवताना सांगितलं, ताटात बघत. खोलीत तो, रुपाली, स्वप्नील, स्वप्नीलची बायको आणि तिची आई. रुपाली वन्संच्या कानाशी वाकली — "आई, मामी द्यायला तयार आहे. तिचे रिपोर्ट छान आलेत."

वन्सं भिंतीकडे वळल्या. "तिचा? नको. मी मराक तयार आसंय."

मी भाताचा घास तोंडात ठेवला आणि चावत राहिले.

"पुढे?" मी विचारलं. कारण त्याच्या मानेवरून कळत होतं, पुढे आहे.

पुढे म्हणजे हे. संध्याकाळी डॉक्टर फेरीला आली, वन्संशी एकटीच बोलली. ती गेल्यावर वन्संनी हितेंद्रला आणि पोरांना जवळ बोलावलं. "हितूचो झील आसा मां? त्याचा घ्या. ता आपला रगत."

हितूचो झील! सम्यक. माझा मुलगा. चौतीस वर्षांचा झाला, एकदाही त्याचं नाव घेतलं नाही या बाईने. बारशाला आली, पाळण्याला बाहेरून हात लावला. नाव काय ठेवलं विचारलं, सांगितलं. "असला कसला नाव?" तिथपासून तो 'हितूचो झील'. दहावीला पेपरात फोटो आला तेव्हा मात्र अख्ख्या चाळीला दाखवत फिरली. आमचा रगत!

म्हणजे हातपाय, डोकं, मार्क, आतडी — सगळं यांचं. मी काय, पिशवी होते?


गुरुवार, १३ नोव्हेंबर

सम्यकशी भांडण. तो तपासण्यांना जाणार म्हणतो.

"जायचं नाही," म्हटलं.

"आई, ती मरेल."

"मरू दे."

"हे तू बोलतेस? जन्मभर लोकांचे रिपोर्ट वेळेत जावेत म्हणून जेवली नाहीस तू."

"त्यांनी माझा अपमान केला नव्हता."

हा मुलगा पुलांची कामं तपासतो. भेग दिसली की आधी गप्प बसतो, मग बोलतो. म्हणाला, "तुझी लढाई माझ्या पोटातून लढू नकोस, आई."

"ती कुठून लढतेय मग?"

त्याने चपला घातल्या आणि गेला.


शनिवार, १५ नोव्हेंबर

सम्यक रक्त द्यायला गेला. मी डबा दिला नाही.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

त्याचे रिपोर्ट स्वच्छ. अर्थात! माझ्या हातचं खाऊन वाढलाय.

सोमवारी, चोवीस तारखेला करायचं ठरलं. वन्संचं वजन आणखी उतरलं म्हणे. हितेंद्र रोज जातो. घरात कुणी कुणाशी बोलत नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या.

एका गोष्टीचा राग जास्त येतो. तिने मला नको म्हटलं, ते मी गृहीत धरलं होतं. पण त्यातूनही ती जगणार. माझ्या मुलाकडून घेऊन, मला वगळून! आणि उद्या बरी झाली की सोफ्यावर बसेल, बाटली काढेल.

नाही. तेवढं सुखाने नाही होऊ देणार.


गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी सम्यक स्वयंपाकघरात आला. आठवड्यानंतर पहिला शब्द. "आई, घसा धरलाय. काही आहे का?" समोरच्या टॉवरचं काम चाललंय, धूळ घरात येते. घशात काही नव्हतं, नुसती धूळ.

औषधाचा डबा काढला. हितेंद्रच्या दातदुखीची अँटिबायोटिकची पट्टी उरली आहे, वरच होती. हा मुलगा मी दिलेली गोळी कधी विचारून घेत नाही. आई लॅबवाली, तिला कळतं. एक गोळी. मग आदल्या दिवशी डॉक्टर विचारणार — काही घेतलंय का? तो खोटं बोलणार नाही. "आईने एक गोळी दिली होती." बस. निदान तीन महिने बाद. आणि वन्संकडे तीन महिने नाहीत.

एवढं सगळं मला पाणी ओतून घेईपर्यंत सुचलं. काय सुचलं ते जसंच्या तसं लिहिलंय.

गोळी तळहातावर. तो म्हणाला, "आधी बघ तरी," आणि 'आ' करून उभा राहिला. लहानपणी राहायचा तसा.

मी बघितलं.

मिठाच्या गुळण्या कर म्हटलं. पट्टी डब्यात टाकली.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हात का थांबला ते लिहिते. दया आली म्हणून नाही. माझ्या नावावर उगाच चांगुलपणा नको.

त्याचं तोंड उघडं होतं आणि माझ्यातली लॅबवाली जागी झाली. या तोंडात, या आतड्यात पहिलं पाऊल कुणाचं? पोटातल्या बाळाचं आतडं जवळजवळ कोरं असतं. जन्मताना आईच्या अंगावरून पहिले जंतू त्याच्यात जातात. मग दुधातून. मग तिच्या कातडीवरून, बोटांवरून, तिने चाखून भरवलेल्या घासातून. बापाकडूनही येत असतील थोडे. पण हितेंद्रने त्याला दिवसातून किती वेळ घेतलं होतं ते मला माहीत आहे! पहिली दोन वर्षं तो माझ्याच अंगावर. आजही माझ्याच हातचं खातो. सगळे जन्माचेच टिकतात असं नाही, नवे येतात, जुने जातात. पण येतात ते याच घरातून, याच हातातून.

बापाकडून आडनाव आलं. वस्ती मी बसवली.

आणि ही बाई म्हणते, आपला रगत घ्या! रगताचा काय संबंध? घे बाई. हवं तेवढं घे. माझंच घेशील. दारातून नको म्हणालीस, खिडकीतून आत येईन.

मग सांगेन. आत जाऊन बसू दे, रुजू दे, आणि मग सगळ्यांसमोर सांगेन. गोळीने ती नुसती मेली असती. हे जास्त चांगलं.

दुपारी बाजारात गेले. ज्वारी दळून आणली. रात्री सम्यकला भाकरी, ताक, लसणाची चटणी, सुकट. "आई, राग गेला?" म्हणाला. जेव रे पोटभर, म्हटलं.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल झालं. सम्यक सकाळी डबा बर्फाच्या पिशवीत घालून टॅक्सीने भायखळ्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेला, कुणी ताजी सुरमई न्यावी तसा. अर्ध्या तासात सगळं आटपलं म्हणे.

गेले ते आत.


शनिवार, २९ नोव्हेंबर

जुलाब थांबले. साफ थांबले! काल पेज पचली, आज मऊ भात. घरी आणलं. डॉक्टरने रुपालीला बजावलंय — अजून काही आठवडे पोट साफ करायचं औषध नाही, काढे नाहीत, विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. नवी वस्ती कच्ची असते.

भेटायला रांग लागलीय चाळीत. वन्सं उशीला टेकून सगळ्यांना सांगतात, "घराण्याचो झील कामाक इलो." हितेंद्रने हे आनंदाने येऊन सांगितलं. बिचारा.

आता नीट विचार करून लिहिते. मी सांगितल्यावर ही बाई काय करेल? मला माहीत आहे. एरंडेल घेईल. पोट धुऊन काढेल, जे आत गेलंय ते बाहेर काढायला. आणि मग गुंड परत येईल, आणि या वेळी ती उठणार नाही.

हे माहीत असूनही सांगणार आहे. घेणं न घेणं तिच्या हातात. माझ्या हातात फक्त सांगणं.

हितेंद्र समोर बसून पेपर वाचतोय. त्याच्याकडे बघत नाही.


सोमवार, १ डिसेंबर

रुपालीचा फोन — गुरुवारी पौर्णिमा आहे, आई उठली म्हणून सत्यनारायण घातलाय. सगळी चाळ, स्वप्नीलचं सासर, सगळे येणार. "मामी, तू येत नाहीस पूजेला, माहितीये. मामा आणि सम्यकला तेवढं…"

"मी येणार."

"येणार?"

निळी साडी काढली. इस्त्रीला दिली. हितेंद्र दारात उभा राहून बघत होता. "सीमा, काय चाललंय तुझं?"

"पूजेला जायचंय."

"तू कधीपासून पूजेला जायला लागलीस?"


बुधवार, ३ डिसेंबर

आज वन्संचा फोन. स्वतः! इतक्या वर्षांत कधी केला नव्हता. "उद्या सगळे असतले. तू आज ये." आणि ठेवला.

गेले. तीन जिने. रुपालीला पूजेच्या सामानाला बाजारात पिटाळलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. वन्सं कॉटवर. अंग निम्मं राहिलंय, पण डोळे तेच. मी उभीच राहिले.

"उद्या तू कायतरी बोलतलंस. हितू घाबरलो हा."

"बोलणार आहे."

"काय ता माका म्हायत आसा."

"नाही माहीत तुम्हाला."

"डॉक्टरणीक इचारलेलंय मी," त्या म्हणाल्या. शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. "त्या संध्याकाळी. हितूच्या झिलाचा चलात काय? त्यात बापाशीचा किती नि आवशीचा किती? ती हसली. म्हणाली, आजी, हे रक्तातून येत नाही. आईकडून येतं, आईच्या हातातून येतं. म्हटला, बापाशीचा? म्हणाली, फार नाही." जरा दम घेतला. "मगे मी हितूक सांगलंय, त्याचाच घ्या."

मला समजायला वेळ लागला. खरंच लागला.

"तुझाच घेतलंय मी. त्याच्या नावान."

खुर्ची ओढून बसले. दोन आठवडे जपून ठेवलेलं माझं हत्यार या बाईने ते माझ्या हातात येण्याआधीच मोडून ठेवलं होतं! "मग मला नको का म्हणालात? मरायला तयार आहे म्हणालात."

"सुनेची आवस होती थंय. चाळीत बातमी गेली असती. माका हय रवाचा आसा."

"एरंडेल नाही घेतलंत?"

"कित्या घेऊ? माका जगाक होया."

जीव पण मिळवला आणि सोवळं पण! माझं घेतलं आणि मला चारचौघांत नाकारून घेतलं. तिथल्या तिथे गळा धरावासा वाटला. तिला ते दिसलं असावं. म्हणाली, "तू तरी आमचो प्रसाद खंय खातंस?"

"मी देव मानत नाही, वन्सं. तुम्ही माणूस मानत नाही. दोन्ही एकच समजू नका."

मी उठले. "उद्या आरती झाली की सगळ्यांसमोर सांगायचं. तुमच्या तोंडाने. सीमाचं म्हणायचं, नाव घेऊन. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि माझे शब्द वाईट असतील."

"लोक उठान जातले."

"जाऊ देत. मला सवय आहे."

"तुका आसा," वन्सं म्हणाल्या. "माका नाय."

हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. मी जिना उतरले.


गुरुवार, ४ डिसेंबर

सांगितलं तिने. आरती झाल्यावर, भिंतीला धरून उभं राहून. "माझ्या पोटात सीमाचा आसा. हितूच्या बायलेचा. म्हणान मी उभी आसंय." मग कुणाचा कुकर गॅसवर राहिला होता, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते, स्वप्नीलच्या सासूची एकदम साखर वाढली. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, म्हणून हातात घेतला सगळ्यांनी. द्रोण भरलेलेच ठेवून गेले — जिन्यात, चपलांच्या कपाटावर, मीटरच्या पेटीवर. वन्सं गुडघा धरत दारापर्यंत आल्या. द्रोणांकडे बघत राहिल्या.

"शिरो बरो नाय झालो काय गो?" मला विचारलं.

मला उत्तर येत होतं. दिलं नाही.